निदण, छाटणी आणि रविवारची पाळी : शेतकरी वाचकांचे प्रश्न

शेतातल्या रोजच्या कामातून विश्वासाचा धडा कसा घ्यावा, याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना एक पथ्य पाळले आहे. आधी ते काम शेतात नेमके कसे होते ते पाहायचे, मग बायबलमधले वचन वाचायचे. उलट क्रमाने गेले की धडा ऐकायला गोड लागतो, पण बांधावर उभ्या असलेल्या माणसाला तो पटत नाही.

प्रश्न : गव्हाची खुरपणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात झालीच पाहिजे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग मत्तय १३ मधल्या दृष्टान्तात वैऱ्याने गव्हात निदण (तण) पेरल्यावर शेताचा धनी ‘कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या’ असे का सांगतो? आमच्याकडे कोणी असा सल्ला सालगड्याला दिला तर पीक हातचे जाईल.
(नेवासे तालुका)

तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दृष्टान्तातच आहे. चाकरांच्या लक्षात निदण कधी आले ते पाहा. पाला फुटला, दाणे आले, तेव्हा (मत्तय १३:२६). म्हणजे ओंबी निसवल्यानंतर (बाहेर पडल्यानंतर). आपल्याकडे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू साधारण ५५ ते ६५ दिवसांत निसवतो. तणाशी खरी झुंज पहिल्या ३०-४० दिवसांतच असते. त्या काळात खुरपले तर पाणी, खत आणि उजेड पिकाला मिळतो. ओंब्या आल्यावर वाफ्यात माणसे घातली तर पीक तुडवले जाते, आणि गव्हाच्या मुळांत गुंतलेले तण उपटताना गहूही उपटून येतो. धन्याने नेमकी हीच भीती बोलून दाखवली आहे (१३:२९). तो आळशी शेतकरी नव्हे, वेळ टळली आहे हे ओळखणारा जाणता शेतकरी आहे.

मग चाकरांना ते आधी का दिसले नाही? बहुतेक अभ्यासकांच्या मते हे निदण म्हणजे लोलियम टेम्युलेंटम नावाचे गवत. कोवळेपणी त्याचे पाते गव्हासारखेच दिसते. ओंबी आल्यावर मात्र फरक कळतो : गव्हाची कणसुली दांड्याला रुंद बाजूने चिकटलेली असतात, या गवताची कडेने. आपल्याकडे जंगली ओट आणि गुल्लीदांडा ही तणे गव्हात अशीच फसवतात. गुल्लीदांड्याच्या बुडाशी लालसर झाक असते, ती ओळखणारी नजर प्रत्येक मजुराकडे नसते. आणि ‘वैऱ्याने रात्री येऊन पेरले’ ही कल्पित खोडी नव्हे. दुसऱ्याच्या पिकात असे तण पेरणाऱ्याचा उल्लेख रोमन कायद्याच्या संग्रहातही आहे.

आता धड्याकडे येऊ. प्रभू येशूने स्वतःच अर्थ सांगितला आहे : ‘शेत हे जग आहे’ (१३:३८). आपले मन हे ते शेत नव्हे. तेव्हा स्वतःच्या मनातल्या रागाला, लोभाला, खोटेपणाला हे वचन लावून ‘वाढू द्या’ म्हणता येणार नाही. तिथे एकविसाव्या दिवसाचीच खुरपणी हवी, तण दोन-तीन पानांवर असतानाच. दुसऱ्याच्या विश्वासाचा निवाडा करण्याची घाई होते, तिथे मात्र धन्याचे ‘थांबा’ लागू पडते. ते पाते गव्हाचे की निदणाचे, हे आपल्याला ओळखता येत नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. मंडळीच्या हिशेबात घोळ झाला, कोणावर अन्याय झाला, आणि वडीलजन ‘निदण वाढू द्या’ म्हणून गप्प बसले, तर तो या दृष्टान्ताचा सरळ गैरवापर आहे. त्यासाठी मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत : आधी एकांतात बोलणे, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी.

प्रश्न : मी कृषी पदविकेला आहे. ‘गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो’ (योहान १२:२४) हे वचन वर्गात कसे सांगू? मेलेले बी उगवत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात.
(राहुरी)

शिकवतात ते बरोबरच आहे. उगवणशक्ती तपासताना आपण तेच पाहतो : ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचे आणि सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. प्रमाणित गव्हाला किमान ८५ टक्के लागते, सोयाबीनला ७०. न उगवलेला दाणा कुजून जातो, त्यातून काही निघत नाही.

पण उगवलेला दाणा पंधरा दिवसांनी उकरून पाहा. हाताला रिकामे टरफल लागते. आतली पिठाची शिदोरी मुळाने आणि कोंबाने खाऊन संपवलेली असते. दाणा म्हणून जे होते ते उरलेले नाही. बोटात धरता येईल, दळता येईल, परत पोत्यात टाकता येईल असे काहीच नाही. जुन्या काळच्या माणसाने याला ‘मेला’ म्हटले, तर त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितले. प्रेषित पौलही १ करिंथ १५:३६-३७ मध्ये हेच बोलतो : पेरले जाते ते नुसता दाणा, उगवते ते वेगळे शरीर.

वर्गात दोन दाणे दाखवा, एक डबीतला आणि एक उकरलेला. डबीतला अजून शाबूत आहे, आणि एकटा आहे. मग सांगा की हे वाक्य प्रभू आधी स्वतःविषयी बोलला, वधस्तंभाच्या काही दिवस आधी, ग्रीक लोक त्याला भेटायला आले तेव्हा. आपल्याला लागू करायचे ते त्यानंतर. पेरणीची खोलीही जमल्यास सांगा. गहू ५-६ सेंमीवर पडावा. ८-१० सेंमी खोल गेला तर कोंब वर येण्याआधीच शिदोरी संपते. हे मात्र फक्त शेतीचे ज्ञान म्हणून सांगा, त्याला ओढूनताणून वचन जोडू नका.

प्रश्न : गारपिटीत आमची दोन एकर द्राक्षबाग गेली. भेटायला आलेले एक जण म्हणाले, ‘देवाने तुमची छाटणी केली, योहान १५ वाचा.’ तेव्हापासून तो अध्याय उघडवत नाही.
(दिंडोरी तालुका)

जे म्हटले गेले ते चुकीचे होते. तुम्ही बागायतदार आहात, त्यामुळे चूक कुठे झाली हे तुम्हाला आमच्याआधी कळायला हवे होते, पण दुःखात माणसाला ते सुचत नाही.

छाटणी आणि गारपीट या दोन गोष्टींचा वेलीवर होणारा परिणाम आठवा. एप्रिलच्या खरड छाटणीत प्रत्येक काडी एका डोळ्यावर (काडीवरच्या अंकुरावर) कापतो. दिसायला बाग उजाड होते. पण त्या कापण्यामागे हिशेब असतो : नव्या फुटीवर पाच-सात पानांवर शेंडा मारून सबकेन (उपकाडी) घ्यायची, साधारण चाळिसाव्या दिवसापासून काडीतल्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते तेव्हा ऊन आत पोहोचेल अशी विरळणी करायची, पाणी आणि नत्र आवरायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरला फळासाठीच्या गोड छाटणीआधी डोळे तपासून घ्यायचे, घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहायचे आणि त्याच्या वर कात्री लावायची. मग फेलफूट (घड नसलेली फूट) काढायची. कात्री धरणाऱ्याला घड कुठे आहे ते ठाऊक असते. ठाऊक नसेल तर तो कापत नाही.

गार असे काही पाहत नाही. ती घडावर पडते, डोळ्यावर पडते, काडीची साल सोलते. पुढच्या हंगामाची काडीही जखमी होते. त्यात माळ्याचा हात नसतो. उलट गारपिटीनंतर माळी काय करतो? मोडलेल्या फुटी काढतो, फुटलेले मणी आणि घड बागेबाहेर नेतो, जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून फवारणी करतो, वेलीला सावरायला वेळ देतो. योहान १५:१ मधला पिता माळी आहे, गार नव्हे.

त्या अध्यायात छाटणी कशाने होते, हेही लिहिलेले आहे. ‘जे वचन मी तुम्हांला सांगितले त्यामुळे तुम्ही आता शुद्ध झालाच आहात’ (१५:३). मूळ ग्रीकमध्ये आधीच्या वचनातला ‘साफ करतो’ (म्हणजे छाटतो) आणि हा ‘शुद्ध’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. कात्री म्हणजे ख्रिस्ताचे वचन. पीक गेलेल्या घरात येऊन कोणी काढलेले अनुमान म्हणजे कात्री नव्हे. आणि छाटला जातो तो फळ देणारा फाटा, शिक्षा म्हणून नव्हे तर अधिक फळासाठी.

अध्याय पुन्हा उघडाल तेव्हा चौथ्या वचनापासून सुरुवात करा : माझ्यामध्ये राहा. मोडलेल्या वेलीचेही खोड आणि मूळ जमिनीत असते. त्या वर्षी वेलीकडून घड मागायचे नाहीत, नवी निरोगी काडी तयार करून घ्यायची, हे तुम्हीच दुसऱ्याला सांगाल. स्वतःच्या बाबतीतही एवढीच अपेक्षा ठेवा. भेटायला येणाऱ्यांनी बोलण्यापेक्षा बाग साफ करायला दोन माणसे पाठवावीत.

प्रश्न : कालव्याच्या आवर्तनात आमची पाण्याची पाळी रविवारी सकाळी येते. उपासना सोडून दारे धरले, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवले, तर पाप लागते का? पाळी चुकवली तर पुढचे पाणी केव्हा मिळेल याचा भरवसा नाही.
(राहाता तालुका)

शास्त्र याबाबत आपल्याला वाटते त्यापेक्षा नेमके आहे. निर्गम ३४:२१ म्हणते, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही सातव्या दिवशी विसावा घ्यावा. म्हणजे ‘सध्या कामाचा जोर आहे’ ही सबब चालत नाही. पण प्रभू लूक १३:१५ मध्ये विचारतो : तुमच्यापैकी प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेत नाही काय? आणि लूक १४:५ मध्ये विहिरीत पडलेल्या बैलाचे उदाहरण देतो. जे काम उद्यावर ढकलता येते ते आणि जे ढकलले तर जीव किंवा पीक जाते ते, असा हा भेद आहे.

त्या भेदाने कामे वाटून घ्या. दूध काढणे, वैरण-पाणी, आजारी जनावर ही कामे रोजचीच. पाळीचे पाणीही त्यातच बसते, विशेषतः गव्हाला १८ ते २१ दिवसांचे, मुकुटमुळे फुटतानाचे पाणी. ते चुकले तर फुटवे कमी होतात आणि नंतर कितीही पाणी दिले तरी भरपाई होत नाही. नांगरट, खुरपणी, खत भरणे, बाजारासाठी माल भरणे ही कामे सोमवारी होऊ शकतात.

करता येण्यासारखे आणखी थोडे आहे. शेजारच्या खातेदाराशी पाळी बदलून पाहा. त्याच्या घरच्या सणाला तुम्ही त्याची पाळी सांभाळा. शनिवारीच पाट आणि वाफ्यांची तोंडे साफ ठेवा, म्हणजे दोघांऐवजी एकाला धरता येईल आणि घरातले बाकीचे उपासनेला जातील. दर वेळी तोच एक जण शेतात राहू नये, आळीपाळी ठेवा. आणि रविवारी मजूर लावू नका. अनुवाद ५:१४ मध्ये विसावा चाकराला, दासीला आणि बैलालाही दिलेला आहे. स्वतः उपासनेत बसून दारे धरायला रोजंदारीचा माणूस उभा करणे, हे आम्हाला दारे धरण्यापेक्षा वाईट वाटते.

प्रश्न : रूथच्या पुस्तकातला ‘सरवा’ (कापणीनंतर गरिबांनी वेचायला मागे ठेवलेले धान्य) आजच्या शेतीत कसा ठेवायचा? आता हार्वेस्टरने काढणी होते, मागे काही उरत नाही.
(वैजापूर तालुका)

लेवीय १९:९-१० मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. एक, शेताच्या कडा पुऱ्या कापायच्या नाहीत. दोन, गळलेले वेचायचे नाही. हार्वेस्टरमुळे दुसरी कमी झाली, पण पहिली तुमच्या हातात आहे. ड्रायव्हरला आधीच सांगा की बांधालगतच्या अमुक ओळी सोड. किती सोडायचे ते नियमशास्त्रात दिलेले नाही. यहुदी परंपरेने निदान साठावा हिस्सा धरला. एकराचा साठावा हिस्सा ७२६ चौरस फूट, म्हणजे पाऊण गुंठ्याहूनही थोडा कमी. साठ ओळींत एक ओळ सोडली की झाले.

भुईमुगात आणि कांद्यात सरवा आजही राहतो. भुईमूग उपटताना जमीन कडक असेल तर शेंगा तुटून आत राहतात; हलके पाणी देऊन वाफशावर (जमिनीत बेताची ओल असताना) काढणी केली तर कमी राहतात. कांद्यात लहान चिंगळी आणि जोडकांदा मागे पडतो. सरवा वेचू देण्याआधी रान नांगरून टाकू नका, दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

कपाशीत मात्र जपून. शेवटचा कापूस गरिबांना वेचता यावा म्हणून झाडे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली तर ती फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी) होते आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. एकाचे भले करताना साऱ्या शिवाराचे नुकसान. त्यापेक्षा डिसेंबरअखेर पीक काढा आणि चांगल्या वेचणीतल्याच काही ओळी सोडून द्या. भाजीपाल्यावर फवारणी झाली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेला थांबण्याचा काळ संपल्याशिवाय कोणाला तोडू देऊ नका.

आणि रूथ ज्याच्या शेतात वेचत होती त्या बवाजाने गड्यांना काय बजावले ते विसरू नका : तिला धमकावू नका, पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाका (रूथ २:१५-१६). वेचणाऱ्या बाईला ‘ये, घे’ असे आधीच सांगितलेले असावे, तिला विचारत यावे लागू नये.

प्रश्न : ‘माझे जू सोयीचे’ असे प्रभू म्हणतो, म्हणजे काय? जू कधी सोयीचे असते का?
(संगमनेर तालुका)

असते, आणि बैलजोडी ठेवणाऱ्याला ते ठाऊक असते. खांदा सुजतो तो ओढण्यामुळे कमी, जू न बसल्यामुळे जास्त. एक बैल उंच आणि एक बुटका असेल, जुवाला गाठ किंवा खडबडीत कड असेल, शिवळांतले (जुवाच्या खुंट्यांतले) अंतर मानेला जमत नसेल, पहिल्या पावसात ओल्या खांद्यावर दिवसभर काम घेतले असेल, नवा गोऱ्हा एकदम अवजड नांगराला जुंपला असेल, तर खांदा येतो. तो आला की पूर्ण बरा होईपर्यंत जू ठेवायचे नाही. मत्तय ११:३० मधल्या ‘सोयीचे’साठीच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘बरे, चांगले’ असा आहे. जुवाच्या बाबतीत ‘नीट बसणारे’. हलके काम देतो असे प्रभूने म्हटलेले नाही, मानेला बसेल असे देतो म्हटले आहे. आणि ‘माझ्यापासून शिका’ हे त्याच्या आधीच येते : नव्या गोऱ्ह्याला शहाण्या बैलाशेजारी जुंपूनच शिकवतात.

प्रश्न : यंदा पीक जवळजवळ नाहीच. कापणीच्या सणाला काय न्यावे? रिकाम्या हाताने जायची लाज वाटते.
(पाथर्डी तालुका)

जे असेल ते न्या : दोन कणसे, अंगणातला शेवगा, चार अंडी. अनुवाद १६:१७ मध्ये ‘परमेश्वराने दिलेल्या आशीर्वादाच्या मानाने’ असे म्हटले आहे. मोठी टोपली असा हिशेब नाही. काहीच नसेल तर हबक्कूक ३:१७-१८ वाचायला मागून घ्या. अंजिराला फुले नाहीत, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे म्हणणारा माणूस शास्त्रात उभा आहे आणि तोही उपासनेतच गात आहे. सणाला आलेल्या वस्तूंच्या लिलावात बोली लावण्यासाठी उसनवारी करू नका. पाळकसाहेबांनीही अशा वर्षी लिलावाआधी हे स्पष्ट बोलून टाकावे, म्हणजे कोणाला मान खाली घालावी लागणार नाही.

प्रश्न : शब्बाथ शाळेच्या मुलांना पेरणाऱ्याचा दृष्टान्त (वाटेवर, खडकाळ, काटेरी आणि चांगल्या जमिनीत पडलेले बी) करून दाखवायचा आहे. गेल्या वेळी चारही ट्रेमध्ये सारखेच उगवले आणि फजिती झाली. शिवाय एका मुलाने विचारले, शंभरपट पीक खरेच येते का?
(जालना)

चारही सारखे उगवले याचे कारण बहुधा रोज दिलेले पाणी. खडकाळ जमिनीतले रोप पाणी मिळत राहिले तर वाळतच नाही. असे करा. चार पसरट ट्रे किंवा आडवे कापलेले तेलाचे डबे घ्या, तळाला भोके पाडा. पहिल्यात ओली चिकणमाती पायाने तुडवून सुकू द्या. दुसऱ्यात मुरूम भरून वर जेमतेम दोन सेंमी माती. तिसऱ्यात चांगली माती, पण पंधरा दिवस आधी हरळीचे तुकडे लावून ठेवा, नाहीतर हरळी मागे पडते आणि धडा उलटा होतो. गाजरगवत वापरू नका, मुलांच्या अंगाला खाज सुटते. चौथ्यात दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत.

प्रत्येकात गव्हाचे २० दाणे. पहिल्यात वरच टाका, झाकू नका, आणि ट्रे पाखरे येतील असा उघड्यावर ठेवा. बाकीच्यांत मातीत लावा. दुसऱ्यात माती जेवढी आहे तेवढ्यातच. दहा दिवस सगळ्यांना सारखे पाणी, मग पाच-सहा दिवस पूर्ण बंद. मुरमातले रोप आधी माना टाकेल. तिसऱ्याला मात्र वेळ द्यावा लागतो, महिनाभराने फरक दिसतो. तेवढे रविवार राखून ठेवा.

शंभरपटीचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. बागायती गव्हाला एकरी ४० किलो बी लागते. १६ क्विंटल आले तर ४० पट झाले. कोरडवाहू रब्बी ज्वारीला एकरी ४ किलो. ४ क्विंटल आली की बरोबर शंभर पट. बाजरीचे बी तर एकरी दीड किलोच, तिची पट याहूनही वर जाते. पण प्रभूचे ऐकणारे लोक गहू आणि जव पेरणारे होते, आणि तेही आजची खते व वाण नसताना. त्यांच्या कानाला तीसपटसुद्धा भरघोस वाटले असेल. इसहाकाला शंभरपट आले ते उत्पत्ति २६:१२ मध्ये मुद्दाम नोंदवले आहे. मुलांना तो उतारा काढायला सांगा, आणि पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने घरून एक कणीस किंवा ओंबी आणून दाणे मोजावेत.